रुंजी स्वतंत्र होते

मुलांनो, एकमेकांना ढकलणं थांबवा आणि ऐका. एका जंगलात, उंच जांभळीवर, शेकरूंचं एक सुशिक्षित कुटुंब राहत होतं. निखिलेश बाबा, स्वरूपा आई आणि चार वर्षांची रुंजी. निखिलेशची आईही पूर्वी तिथेच राहायची. पण घरटं पुरेना, म्हणून तिला ओढ्यापलीकडच्या उंबरावर हलवलं होतं.

एकदा जंगलात बालसंगोपनावर व्याख्यान झालं. रुंजीला घेऊन आई-बाबा ऐकायला गेले. वक्त्या होत्या कोकिळाताई.

"मुलांना स्वतंत्र होऊ द्या," त्या म्हणाल्या. "एकटं झोपवा. दोन दिवस रडतील, मग होते सवय. मी माझ्या एकाही पिलाच्या आयुष्यात ढवळाढवळ केली नाही. अंडं घातलं, की विषय संपला."

मागच्या फांदीवर एक कावळीण डोळे पुसत होती. सगळ्यांना वाटलं, भाषण फार आवडलं असणार.

घरी आल्याबरोबर स्वरूपा म्हणाली, "रुंजी, आजपासून तू स्वतंत्र!"

"म्हणजे मी आंघोळ नाही करणार."

"तसं नसतं गं राणी."

"मग कसं असतं?"

"आम्ही सांगू ते तू स्वतःहून करायचं."

रुंजीने जरा विचार केला. "बाबा, तुम्ही स्वतंत्र आहात?"

"अर्थात!" निखिलेशने मिशा फुलवल्या.

"मग जांभूळ खाऊ का, असं आईला का विचारता?"

निखिलेश ते जांभूळ घेऊन दुसऱ्या फांदीवर गेला.

"आणि आजी?" रुंजीने विचारलं.

"आजी तर एकदम स्वतंत्र," स्वरूपा घाईने म्हणाली. "म्हणून तर ती एकटी राहते. तिला तसंच आवडतं."

"तिला विचारलं होतं?"

यावर आई-बाबा दोघंही पानं मोजल्यासारखे वर बघू लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी रुंजी निघाली. तोंडात जांभळाचा एक घोस होता. तो खाली ठेवून ती म्हणाली, "मी आजीकडे राहायला जाते. आम्ही दोघी स्वतंत्र आहोत, आमचं पटेल."

"अगं, आम्हाला करमेल का?" स्वरूपा रडकुंडीला आली.

रुंजीने तिच्या पाठीवरून हात फिरवला. "एकटं झोपायचं. दोन दिवस रडाल, मग होते सवय."

आजीने नातीला पाहिलं आणि लगेच घरट्यात जागा केली. दुपारी दोघींनी मिळून इतकी उंबरं खाल्ली, की उठवेना.

दोन दिवस झाले. आई-बाबांना सवय होईना. घरटं एकदम मोठं वाटू लागलं. शेवटी ते दोघं उंबरावर गेले. रुंजी वाटेत आडवी बसली होती.

"कुणाकडे काम आहे?"

"अगं, तुला न्यायला आलोय. आजीलाही नेऊ, चल."

"आजीला विचारा आधी."

निखिलेशने घसा साफ केला. आईला काही विचारायचं म्हणजे नेमकं कसं बोलतात, ते त्याला आठवेना.

"आई... येतेस का परत? तुला... काय वाटतं?"

जांभळीवरच्या घरात आजीला हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं. तिचे डोळे भरून आले. निखिलेशला वाटलं, जमलं!

"विचारलंस, बरं वाटलं रे," आजी म्हणाली. "नाही येत."

"आणि मीही नाही," रुंजी म्हणाली. "पण तुम्ही पाहुणे म्हणून या. आधी कळवून."

पुढच्याच आठवड्यात निखिलेश आणि स्वरूपाचं व्याख्यान झालं. विषय होता, 'आम्ही मूल कसं स्वतंत्र केलं?' गर्दी एवढी, की फांद्या वाकल्या. कोकिळाताई अध्यक्ष होत्या.

एका सशाने उठून विचारलं, "पण तुमची मुलगी कुठे दिसत नाही?"

स्वरूपा घाईने हसून म्हणाली, "तेच तर आमचं यश!"

टाळ्यांचा कडकडाट झाला.

तात्पर्य: मुलांना स्वातंत्र्य जरूर द्यावं, फक्त त्याचा अर्थ सांगू नये. आणि म्हाताऱ्या माणसांना त्यांचं मत कधीही विचारू नये. ती सांगतात.