एडवर्डची भातपरीक्षा

वालीवच्या एका कारखान्यात एडवर्ड अठरा वर्षं बोल्ट तपासत आला आहे. हजारातले दहा उचलायचे, ते ठीक निघाले की सगळे ठीक. त्यामुळे नववीतल्या प्रियलला संख्याशास्त्रातला 'नमुना' काही केल्या समजेना, तेव्हा तिला शिकवायला घरात आपल्याइतका लायक माणूस नाही, अशी त्याची खात्री झाली. (घरात तेव्हा दुसरं कुणी नव्हतंच.)

रविवार होता. त्याची बायको बर्था माहेरच्या माणसांना आणायला गास गावी गेली होती. आठ जण जेवायला येणार होते. कोळंबीचं कालवण तयार होतं. भाताचा मोठा टोप गॅसवर चढवून जाताना ती एवढंच म्हणाली होती, "मधूनमधून ढवळ. बाकी कशाला हात लावू नकोस."

"पुस्तक मीट," एडवर्ड लेकीला म्हणाला. "शितावरून भाताची परीक्षा. झाला तुझा नमुना. अख्खा टोप कशाला बघायचा?"

त्यानं वरचं एक शीत काढून चेपलं. कच्चं. (एकावर भरवसा नको म्हणून) आणखी नऊ काढली. तीही कच्ची. त्यानं गॅस मोठा केला.

"पण डॅडी, तू सगळी वरचीच घेतलीस. टीचर म्हणतात, सगळीकडची घ्यायची."

"शीत ते शीत. एकाच टोपातली आहेत ना?"

"आणि मम्मीनं ढवळायला सांगितलंय."

"ढवळलं की नमुना बिघडतो."

पाच मिनिटांनी पुन्हा वरची दहा. कच्चीच. गॅस आणखी मोठा.

"डॅडी, वास येतोय."

"खालच्या मजल्यावर कुणाचं तरी करपलंय," एडवर्ड म्हणाला. "लोक लक्षच देत नाहीत."

टोपाच्या कडेनं धूर निघाला तेव्हा कुठे त्यानं डाव खाली घातला. वर कच्चे तांदूळ, मध्ये खळ आणि तळाला कोळसा. नेमकी तेव्हाच बेल वाजली.

बर्थानं टोपात पाहिलं, मग नवऱ्याकडे. तेवढ्यानंच एडवर्ड घाबरला आणि न सांगताच बेकरीकडे धावला. परत येईपर्यंत प्रियलनं सगळी हकीकत सांगून टाकली होती. मेव्हणा शेल्डन जेवताना वरचा, मधला, खालचा असा एकेक पाव दाबून बघत होता आणि मान डोलवत होता.

पुढे परीक्षेत प्रश्न आला, 'नमुना चुकीचा निवडल्यास काय होते?' प्रियलनं दीड पान लिहिलं. पाचपैकी पाच.

पालकसभेत टीचरनी तो पेपर एडवर्ड आणि बर्थापुढे ठेवला. "फार जिवंत उदाहरण दिलंय हो. असा नमुना शोधून सापडायचा नाही."

एडवर्डनं संकोचून कॉलर सारखी केली.

"मला सापडला ना, टीचर," बर्था शांतपणे म्हणाली. "बाबा सांगत होते, चार-पाच मुलं तरी बघ. मी एकच बघितला आणि हो म्हटलं."