शकशुकाची भुर्जी

इस्रायलमधल्या दिमोना गावच्या आमच्या इमारतीत शकशुकातलं एकेक अंडं म्हणजे घरातलं एकेक माणूस असतं, आणि तसं भाडेकरारातच लिहिलेलं आहे. टोमॅटोचा रस्सा आटला की त्यात खळगे करायचे, माणशी एक अंडं अलगद सोडायचं, झाकण ठेवायचं आणि हात लावायचा नाही. चार वर्षं मी आणि माझा नवरा हानोक दर शुक्रवारी सकाळी दोन अंडी सोडत होतो. कधी तक्रार आली नाही.

मग रेवदंड्याहून सासूबाई कायमच्या राहायला आल्या. पहिल्याच शुक्रवारी मी तीन अंडी सोडली आणि इमारतीच्या चिटणिसाकडे त्यांचं नाव नोंदवायला खाली गेले. तेवढ्यात त्यांनी झाकण काढलं.

"अख्खी अंडी रश्श्यात पोहतायत, ही काय रीत झाली?" हानोकला म्हणाल्या, आणि उलथनं घालून सरळ भुर्जी केली. चव फक्कड होती, खोटं कशाला बोलू?

खाऊन उठले तो माझा गुडघा त्यांच्यासारखा ठणकायला लागला. हानोक मधूनच आईच्या आवाजात बोलू लागला. रविवारी भांडी पुसता पुसता सासूबाई म्हणाल्या, "मी इथे यायला नको होतं तुला. विमानतळावर हार घालतानासुद्धा तुझ्या मनात तेच होतं."

मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. त्या रागावल्या नव्हत्या. त्यांना एकटं झोपायची भीती वाटते हे मलाही आतून कळत होतं, पण त्याने माझी लाज कमी होईना.

चिटणीस मसूदने चष्मा लावून करार काढला. "भुर्जी," त्याने लिहून घेतलं. "येत्या शुक्रवारी तीन अंडी वेगवेगळी सोडा, पेणकरबाई. माणसं सुटी होतील. बलक फुटला तर मात्र समिती जबाबदार नाही."

"राहू दे गं दिवोरा," सासूबाई म्हणाल्या. "असं मिसळलेलं बरं वाटतं. नऊ वर्षं भिंतींशी बोलले मी तिकडे."

हानोकही तेच म्हणाला. मी ऐकलं नाही. मला माझं मन परत हवं होतं, दार लावून घेता येईल असं.

शुक्रवारी एकेक अंडं आधी पेल्यात फोडून रक्ताचा ठिपका नाही ना ते पाहिलं, आपल्या ज्यू लोकांची पद्धतच आहे. तिन्ही स्वच्छ निघाली. दोन नीट बसली. तिसरं सोडताना माझा हात सासूबाईंचा थरथरतो तसा थरथरला आणि बलक फुटून रश्श्यात पसरला. कोणाचा ते ओळखायची सोय नव्हती. मी झाकण ठेवलं.

जेवायला बसलो तेव्हा हानोकचा आवाज त्याचा त्याला मिळाला होता. सासूबाई आपला गुडघा चोळत होत्या. माझा अजिबात दुखत नव्हता. सुटले, असं वाटून मला रडूच आलं.

"हानोक," सासूबाईंनी तिसऱ्या ताटलीकडे पाहत विचारलं, "कोणी यायचंय का रे?"

"नाही आई. आपण दोघंच."

"मी आहे की," मी म्हटलं. हानोकने पाव मोडून अर्धा आईला दिला.

मी माझी ताटली उचलली, धुतली आणि फडताळात ठेवली. आता माझ्या मनातलं कोणालाच कळत नाही.