यादवरावांची पंचाहत्तरी आणि नागोचा ओटा

प्लॅनिंगमध्ये माझा हात धरणारा माणूस इंग्लंडमधल्या आमच्या अख्ख्या रीडिंग गावात नाही. हे मीच सांगतो, कारण दुसरं कोणी सांगत नाही! सुट्टीला निघण्याआधी माझी एक्सेल शीट तयार असते. हिरव्या रांगेत खाणं, निळ्या रांगेत बघणं, आणि लाल रांगेत बायकोने, म्हणजे रेखाने, ऐनवेळी बदललेलं सगळं.

यंदा माझे सासरे यादवराव पंचाहत्तर वर्षांचे झाले. सासूबाई गेल्यापासून ते जवळच्याच मेडनहेड गावी एकटे असतात. माणूस सरळ, पण कौतुकाच्या बाबतीत हात भलताच आखडता. लग्नाला पंधरा वर्षं झाली, माझ्या वाट्याला फक्त "ठीक आहे" आलंय. सत्तरीला मी त्यांना ग्लासगोला नेलं, गच्चीवरच्या हॉटेलात. एप्रिलमध्ये. चमचा तोंडापर्यंत जाईतो पाऊस सुपाची वाटी पुन्हा भरून ठेवायचा. त्या दिवशी "ठीक आहे"सुद्धा आलं नाही, आणि ते मला फार लागलं. तेव्हाच ठरवलं, पंचाहत्तरीला या माणसाच्या तोंडून एक "उत्तम" काढणारच!

इंटरनेट पालथं घातलं आणि जागा सापडली. जपानच्या पार दक्षिणेला ओकिनावा बेट, आणि त्यावर समुद्राला बिलगून बसलेलं नागो नावाचं शहर. हवा उबदार, गर्दी नाही, अननस मुबलक. ईस्टरच्या सुट्टीत मी, रेखा, अकरा वर्षांची तनिषा आणि यादवराव अशी आमची वरात निघाली.

शांत शहर म्हणजे काय, ते मला ऐन वाढदिवसाला दुपारी एक वाजता कळलं. समुद्रासमोरचं जे हॉटेल मी शीटमध्ये हिरवंगार करून ठेवलं होतं, ते बंद होतं. दारावर चिठ्ठी, चिठ्ठीवर कमरेत वाकून माफी मागणाऱ्या माणसाचं चित्र. पुढची बस दीड तासाने.

"उदयराव, आता?" यादवरावांनी विचारलं.

"प्लॅन बी आहे ना, बाबा."

प्लॅन बी नव्हता. पण रेखाचा माझ्यावर विश्वास नसल्यामुळे तिच्या पिशवीत तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी आणि लिंबाच्या लोणच्याची बरणी होती. मी एका खांद्यावर पिशवी, दुसऱ्यावर यादवरावांची घडीची खुर्ची घेतली आणि दिसेल ती टेकडी चढायला लागलो.

"डॅड, माझी पाय दुखतो," तनिषा म्हणाली.

"माझे पाय दुखतात," रेखाने दुरुस्त केलं.

"तुझे पण?"

वर पोचलो आणि माझी छाती फुगली. काय जागा होती! कासवाच्या पाठीसारखं गोल दगडी छप्पर, पुढे फरशी घातलेलं छोटं अंगण, दोन बाजूंना कट्टा, आणि समोर नुसता निळा समुद्र. मधोमध एक बंद दगडी दार आणि दारापुढे बुटका ओटा, जणू आमच्या डब्यासाठीच बांधलेला. शेजारी तशीच आणखी चार-पाच बांधकामं होती आणि एका अंगणात एक जपानी कुटुंब चटया पसरून मजेत जेवत होतं.

"पब्लिक पिकनिक स्पॉट," मी जाहीर केलं. "फुकट, आणि बुकिंगही लागत नाही."

ओट्यावर पुऱ्या मांडल्या, मधोमध लोणच्याची बरणी ठेवली, आणि दगडी दाराला पाठ करून यादवरावांची खुर्ची टाकली. उत्सवमूर्तींना समुद्र नीट दिसायला हवा ना!

पहिली पुरी संपते न संपते तोच दहा-बारा जपानी माणसं पायऱ्या चढून आली. म्हाताऱ्या बाई, पोरंसोरं, हातात फुलं, फळं, थरांचे डबे. आम्हाला बघून थबकली. मला वाटलं, बिचाऱ्यांना जागा नाही. मी पिशव्या सरकवल्या आणि दोन्ही हातांनी "या, या, बसा" केलं. त्यांनी आपसात कुजबुज केली, आम्हाला वाकून नमस्कार केला आणि सगळी आत आली.

मग जे झालं, ते माझ्या शीटमध्ये कुठल्याच रंगात नव्हतं. त्यांनी यादवरावांच्या दोन्ही बाजूंना फुलं ठेवली. पुढ्यात फळं मांडली, उदबत्त्या लावल्या, आणि सगळे रांगेत उभे राहून, हात जोडून, डोळे मिटून शांत झाले.

"डॅड, हे लोक आजोबाला प्रे का करतायत?" तनिषाने विचारलं.

रेखा माझ्याकडे बघत होती. लग्नानंतर इतक्या प्रेमाने पहिल्यांदाच. "उदय, हे तू अरेंज केलंस?"

आता तुम्हीच सांगा, अशा वेळी माणसाने काय म्हणावं? मी म्हणालो, "सरप्राइज."

"बाबा, उदयने तुमचा सत्कार ठेवलाय," तिने सांगितलं.

यादवरावांनी मान वळवून मागे बघितलं, छपराकडे बघितलं, जोडलेल्या हातांकडे आणि समुद्राकडे बघितलं. "उत्तम," ते म्हणाले. "अगदी उत्तम व्यवस्था."

पंधरा वर्षं! मला तिथेच नाचावंसं वाटलं.

त्यांनी डबे उघडले, आमच्या ताटलीत अननस वाढला. थोडं इंग्रजी येणाऱ्या एक बाई, हिगा त्यांचं नाव, माझ्याजवळ आल्या.

"थँक यू फॉर व्हिजिटिंग अवर ग्रँडफादर."

"नो, नो, ही इज माय फादर-इन-लॉ."

"अवर ग्रँडफादर," त्या हसून म्हणाल्या आणि खुर्चीमागच्या दाराकडे बोट केलं. "इनसाइड. ग्रँडमदर ऑल्सो."

मी हातातला अननस हळूच खाली ठेवला. दर एप्रिलमध्ये सगळं कुटुंब घराण्याच्या थडग्यापाशी जमतं, आधी पूर्वजांना जेवण ठेवतं आणि मग तिथेच बसून जेवतं, असं त्यांनी समजावलं. म्हणजे आम्ही त्यांच्या आजोबांच्या नैवेद्याच्या ओट्यावर लोणचं ठेवलं होतं! मी घाईघाईने बरणी उचलायला गेलो.

"प्लीज, लीव्ह इट," हिगाबाई म्हणाल्या. "ग्रँडफादर लाइक्ड स्पायसी."

खरं सांगायची हीच वेळ होती. पण तिकडे यादवराव त्या म्हाताऱ्या बाईंच्या हातून डुकराच्या मटणाचा तिसरा तुकडा घेत होते, चेहरा उजळलेला. मी आणखी एक पुरी घेतली. आम्ही तिथे तीन तास होतो.

रीडिंगला परत येईपर्यंत रेखाने आमच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर फोटो टाकला होता: "जपानमध्ये यादवरावांचा भव्य सत्कार!" त्यावर शंभर अंगठे. मंडळाचे शशिकांतकाका फोनवर म्हणाले, "उदय, माझ्या एकसष्टीला सेम टू सेम करायचं." काकांना कुणाच्या थडग्यावर बसवू? शेवटी शनिवारी एकटाच मेडनहेडला गेलो आणि चहा समोर यायच्या आतच बोलून टाकलं.

"बाबा, तो सत्कार नव्हता. ते थडगं होतं."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"पहिल्या उदबत्तीपासून. अहो, ती माणसं माझ्या मागे बघत होती."

"मग उठला का नाहीत?"

"उठलो असतो तर तुमच्या यादीतल्या पुढच्या ठिकाणी जावं लागलं असतं."

मी तरी आशा सोडली नाही. "पण तुम्ही उत्तम म्हणालात."

"ते तुम्हाला नव्हतं, उदयराव." यादवरावांनी कप खाली ठेवला. "समुद्रासमोर जागा. वर्षातून एकदा सगळी पोरंबाळं डबे घेऊन येतात, शेजारी बसून जेवतात. गेलेल्या माणसाची याहून उत्तम व्यवस्था काय असणार? मी तर अजून जिवंत आहे, आणि रीडिंगहून ट्रेनने पंधरा मिनिटांवर."

मला फार लाज वाटली. तेव्हापासून आम्ही दर रविवारी डबा घेऊन त्यांच्याकडे जेवायला जातो. परवा उत्साहाच्या भरात मी डब्याबरोबर फळं आणि फुलांचा मोठा गुच्छही नेला. यादवरावांनी दार उघडलं, माझ्या हातांकडे बघितलं आणि म्हणाले, "या. पण फुलांची एवढ्यात घाई नको."