खताच्या चहाचं उद्घाटन

एका जंगलात झाडं होती थोडी आणि मंडळं होती फार. हसू नका, बाळांनो. तुमचं गावही मी पाहिलंय.

त्या जंगलात गोदाकाकू नावाची साळिंदरीण राहायची. पदरात तीन पिल्लं आणि परसात एक भोपळ्याचा वेल, एवढाच तिचा संसार. उन्हाळ्यात तिकडे खायला काही म्हणून मिळत नसे. वेलाला भोपळे लागले तर पिल्लं जगणार, नाही तर उपाशी मरणार. एवढं ध्यानात ठेवा, कारण पुढे मोठमोठी मंडळी येणार आहेत आणि नेमकं तेच विसरणार आहेत.

तर वेल पिवळा पडला. काकूनं उकिरड्यातलं कुजून काळं झालेलं खत गोणपाटात बांधलं आणि रांजणभर पाण्यात सोडलं. वर गुळाचा खडा टाकला. तोंडाला पातळ फडकं बांधलं. येता-जाता ती काठीनं ढवळायची. पाण्याला चहाचा रंग आणि ओल्या मातीचा वास आला, की त्यात भरपूर पाणी मिसळून वेलाच्या बुडाशी ओतायची. वेलाला नवी पानं फुटली. इवलाले भोपळे धरले.

खरं तर गोष्ट इथंच संपायला हवी होती. पण तेवढ्यात कोल्हा आला. कोल्हा जंगल सुधारणा मंडळाचा कार्यवाह. त्याचं काम विचाराल तर सत्कार करणे.

"काकू, रांजणात काय आहे?"

"खताचा चहा. वेलाला पाजते."

"आणि असा परसात, गुपचूप? अहो, ही जंगलाची शान आहे. याचं उद्घाटन व्हायला हवं. सिंहमहाराजांच्या हस्ते."

"एक रांजण वापरूनही झाला की. हा दुसरा लावलाय."

"मग दुसऱ्याचं करू. तुमचा सत्कारही करू. शाल आणि श्रीफळ."

शाल म्हटल्यावर काकू विरघळली. अंगभर काटे असलेल्या बाईला आजवर कुणी शाल पांघरली नव्हती. तुम्ही तिला नावं ठेवू नका. ते काम माझं आहे, आणि मी ते करणार आहे.

रांजण मैदानात गेला. त्याला हळदकुंकू लागलं, हार पडला. कोल्ह्यानं फडकं काढून लाकडी झाकण ठोकलं, कडेनं चिखलानं लिंपलं आणि वर लाल फीत बांधली.

"त्याला ढवळावं लागतं हो," काकू म्हणाली. "त्यातल्या जिवांना हवा लागते."

"महाराजांच्या आधी तुम्ही ढवळणार?"

काकू ओशाळली.

महाराज दौऱ्यावर होते. परत आले आणि झोपले. उठले तर मेहुण्याकडे लग्न निघालं. इकडे रांजण उन्हात तापत राहिला. फटींतून वास सुटला, उंदीर मरून पडल्यासारखा. येणारे-जाणारे नाक दाबून म्हणायचे, "काय कडक झालंय. गुण येणार बघा."

तो वास म्हणजे चहा नासला, हे काकूला पक्कं ठाऊक होतं. पिल्लांनाही कळत होतं. धाकटं म्हणालं, "आई, ते आपल्या वेलावर नको ना ओतू."

"गप्प बस," काकू म्हणाली. "निमंत्रणं वाटून झालीत."

अखेर महाराज आले. काकूच्या परसात वेलाभोवती मांडव घातला होता आणि रांजण मैदानातून वाजतगाजत तिथं आणला होता. महाराजांनी दातांनी फीत तोडली. झाकण निघालं तशी पुढची रांग चार पावलं मागे सरली आणि तिथून टाळ्या वाजवू लागली.

काकू कोल्ह्याच्या कानाशी लागली. "निदान पाणी तरी मिसळू द्या. चांगलं पातळ करावं लागतं."

"महाराजांच्या हातून पाणचट द्यायचं? जंगलाची काय इज्जत राहील?"

काकूनं मान डोलावली. महाराजांनी अख्खा रांजण वेलाच्या बुडाशी उपडा केला. मग काकूला शाल पांघरण्यात आली. ती काट्यांत अडकून टर्रकन फाटली. कुणी पाहिलं नाही, कारण भाषण सुरू झालं होतं.

संध्याकाळी वेलानं मान टाकली. सकाळी तो काळा पडला. इवले भोपळे पिचपिचीत होऊन गळून गेले.

मंडळानं चौकशी केली, नाही असं नाही. चहा उत्तम होता. उद्घाटन उत्तम झालं. वेलच नालायक निघाला, त्याला महाराजांचा मान राखता आला नाही. तसा ठराव झाला. काकूनंही हात वर केला. नुकताच सत्कार झालेल्या बाईनं विरोध करायचा म्हणजे बरं दिसत नाही.

घरी पिल्लं दारातच बसली होती. "आई, भूक लागलीय."

काकूनं सत्काराचा नारळ आणला आणि दगडावर आपटला. आतून काळं पाणी आलं आणि तोच रांजणातला वास. तो नारळ मंडळाच्या कितीतरी सत्कारांतून फिरून आला होता. आजवर कुणी तो फोडला नव्हता, कारण आजवर सत्कार घेणारं कुणी उपाशी नव्हतं.

फाटक्या शालीखाली एकमेकांना बिलगून पिल्लं तशीच झोपली. काकू मात्र जागी होती. शाल रफू करता येईल का, याचा ती विचार करत होती.

तात्पर्य: बाळांनो, वेल वाळतात, भोपळे गळतात आणि पिल्लांचं तर काही सांगताच येत नाही. शाल मात्र कितीही फाटली तरी घडी घालून ठेवता येते. म्हणून आतलं सगळं नासलं तरी चालेल, पण प्रमुख पाहुणे आल्याशिवाय झाकण उघडू नये.