दाढी करताना इंग्रजी बोलू नये

हे लिहायचं नाही असंच ठरवलं होतं. एकतर मी लिहिणारा माणूस नाही, कात्री चालवणारा आहे. शिवाय सध्या मला जो तो पुरावा गोळा करतोय असं वाटतं, मग आपणच कशाला लिहून हातात द्या? पण पोटात राहिना, म्हणून लिहितोय.

तर आमचं सलून. आरसा लांबलचक, खुर्च्या दोन. एका खुर्चीमागे मी, दुसरीमागे माझा दोस्त गुळगुळ्या. हे नाव त्याला हातामुळे पडलं. त्याने केलेल्या दाढीवरून माशी घसरते. गल्ल्यावर मालक बसतात. त्यांना आम्ही काका म्हणतो.

गुळगुळ्याला एका मोठ्या प्रवासी जहाजावरच्या सलूनमध्ये नोकरी मिळत होती. त्याचा हात त्यांनी व्हिडिओवर पाहिला आणि खूश झाले. आता फक्त पासपोर्ट आणि इंग्रजीतला इंटरव्ह्यू राहिला होता. गुळगुळ्याचं इंग्रजी म्हणजे यस, नो आणि शाम्पूच्या बाटलीवर जे छापलंय ते.

मी म्हटलं, "घाबरतोस कशाला? मी आहे ना."

कारण मी इंग्रजी स्वतःचं स्वतः शिकलोय, मोबाईलवर बघून. आणि माझी योजना खरंच फक्कड होती. मोबाईलवर रोजच्या वापरातल्या वाक्यांचे धडे मिळतात. दवाखान्यात काय बोलायचं, बँकेत काय, विमानतळावर काय. तर दिवसभर गिऱ्हाइकांची डोकी भादरता भादरता आम्ही दोघांनी एकमेकांशी तीच वाक्यं बोलायची. हात कामावर, तोंड शाळेत!

पहिल्याच सकाळी माझ्या खुर्चीत भाजीवाला होता. मी दवाखान्याच्या धड्यातून सुरुवात केली.

"हाऊ लाँग हॅज इट बीन लाइक धिस?"

"सिन्स लास्ट वीक," गुळगुळ्या पलीकडून म्हणाला.

"इज इट पेनफुल?"

भाजीवाल्याचा हात हळूच डोक्याच्या मागे गेला. "काय रे, मागे टक्कल पडतंय का?"

"नाही हो, आम्ही अभ्यास करतोय."

"माझ्या डोक्यावर?"

दुसऱ्या खुर्चीतला वायरमन आरशातून आमच्याकडे टकामका बघत होता. तो म्हणाला, "तुम्ही माझ्याबद्दल बोलताय."

"अहो, तुमचं नावसुद्धा घेतलं नाही."

"म्हणूनच तर."

मग हे लोण पसरलं. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की आधी विचारायचं, आज कुठल्या भाषेत कापणार? काहीजण मान ताठ धरून बसायचे, जणू आम्ही फाशीच्या दोराचं माप घेतोय. काकांना तर वेगळाच संशय. आम्ही दोघं मिळून समोर नवीन सलून काढतोय आणि त्याची बोलणी त्यांच्याच दुकानात, त्यांच्याच पंख्याखाली चाललीत. दुपारी डुलकी घेतानाही ते एक डोळा उघडा ठेवायला लागले.

आणि मग आले मॅनेजरसाहेब. रिटायर्ड, हातात कायम पेपर, तोही इंग्रजी. मला आनंदच झाला. म्हटलं चला, आपलं कौतुक करणारा एक तरी आला. ते गुळगुळ्याच्या खुर्चीत बसले. त्याने साबण लावला, एक गाल केला. मी विमानतळाचा धडा काढला.

"डू यू हॅव एनीथिंग टु डिक्लेअर?" सामान तपासणारा अधिकारी विचारतो ना, कर भरण्यासारखं काही आणलंय का, तेच हे वाक्य.

"नथिंग, सर. ओन्ली पर्सनल थिंग्ज," गुळगुळ्या म्हणाला.

"हू पॅक्ड युवर बॅग?"

"माय ब्रदर-इन-लॉ."

साहेबांचा पेपर खाली आला. नजर खुर्चीखालच्या गुळगुळ्याच्या बॅगेवर गेली. तिच्यात टॉवेल होते, पण टॉवेल काही बाहेरून दिसत नाहीत.

"इज समवन वेटिंग फॉर यू आउटसाइड?" मी जोशात होतो.

"यस. ही विल टेक द बॅग," गुळगुळ्या म्हणाला आणि वस्तरा झटकला.

साहेब उठले.

"साहेब, अर्धी राहिलीय."

"राहू दे," असं म्हणून ते एका गालावर साबण घेऊन रस्त्याला लागले. चपला घातल्या होत्या की नाही, देव जाणे.

दुसऱ्या दिवशीपासून एक मिशीवाला यायला लागला. सकाळी दाढी, संध्याकाळी पुन्हा दाढी. एवढी उगवते कुणाची? पायात तपकिरी, चकचकीत बूट. बूट बघूनच गुळगुळ्याच्या हातातला ब्रश गळला.

"पोलीस आहे," तो माझ्या कानात म्हणाला. "माझ्या पासपोर्टची चौकशी याच ठाण्यातून होणार आहे. यांनी वाकडं लिहिलं की जहाज गेलं. तू आणि तुझे धडे."

आम्ही तोंडं शिवली. इंग्रजी नाही, मराठी नाही. नुसती कात्रीची कचकच.

मिशीवाल्याने आरशातून विचारलं, "सलूनमध्ये कुणी बोलत नाही, असं मी जन्मात पाहिलं नाही. काय लपवताय?"

"साहेब, ही पोरं माझ्यापासूनही लपवतात," काका गल्ल्यावरून म्हणाले. मदतच करत होते बिचारे.

"तुमच्याबद्दल तक्रार आहे. बॅगा येतात जातात म्हणे."

मग मी सगळं सांगून टाकलं. जहाज, धडे, टॉवेल, मेव्हणा, जो गुळगुळ्याला नाहीच. बॅग त्याच्या मांडीवर पालथी केली. त्याने टॉवेल उलटेपालटे केले आणि म्हणाला, "बरं. अभ्यास चाललाय तर मग दाखवा." गुळगुळ्याकडे वळून त्याने विचारलं, "व्हॉट इज युवर नेम?"

गुळगुळ्या घामाने निथळत होता. "सिन्स लास्ट वीक," तो म्हणाला.

"व्हेअर आर यू गोइंग?"

"माय ब्रदर-इन-लॉ."

 मिशीवाल्याने गालावरचा साबण तसाच ठेवून ठाण्यात फोन लावला. "हां, मीच. त्या सलूनमधून. यांचं इंग्रजी ऐकलं. छे, कसला धोका? या भाषेत हे चहा मागवू शकत नाहीत, माल काय मागवतायत. आणि ते पासपोर्टचं, आपली काही हरकत नाही. पुढचं तिकडचे लोक बघून घेतील."

तो गेल्यावर मी नाचायचाच बाकी होतो. गुळगुळ्या मात्र गिऱ्हाइकाच्या खुर्चीत धप्पकन बसला.

"अरे, सुटलास ना?"

"पोलिसातून सुटलो. इंटरव्ह्यू राहिलाय. कॅमेऱ्यासमोर एकाची दाढी करायची, आणि करता करता त्याच्याशी इंग्रजीत गप्पा मारायच्या. गिऱ्हाईक आपणच आणायचं."

"मग आणू की."

"कोण येणार? सगळे त्या कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये जातात आता."

"मी बसतो."

त्याने माझ्याकडे अगदी त्या वायरमनसारखं बघितलं. "तू? तू मध्येच माझं वाक्य सुधारशील. तुला राहवणार नाही."

तेव्हा त्याच्या डोक्यावर हात ठेवून मी शब्द दिला. तू मला खुशाल विचार माझी बॅग कुणी भरली. गाल कापला, कानाचा तुकडा पडला, तरी मी तुला सुधारणार नाही. आरशात बघून हसेन आणि एवढंच म्हणेन, "व्हेरी नाइस, थँक यू."