चौऱ्याण्णवाव्या नंबरची गार्गी

मुलांनो, जरा डोळे मिटा बरं! मिटले? आता कल्पना करा. तुम्ही कतारमध्ये आहात. २०२२ सालचा ऑक्टोबर. फुटबॉलचा वर्ल्ड कप तीन-चार आठवड्यांवर आलाय. काल जिथं रस्ता होता तिथं आज बोगदा आहे, आणि काल जिथं बोगदा होता तिथं आज फुलझाडं लावलीत! शाळेची बस रोज नव्या वाटेनं जाते, आणि दुकानातल्या खोडरबरावरसुद्धा कुठल्या ना कुठल्या देशाचा झेंडा आहे.

या सगळ्या फुटबॉलच्या गर्दीत, अल अझीझिया नावाच्या वस्तीच्या मागच्या बाजूला, एका धुळकट मैदानावर दहा मुलं खेळत होती बेसबॉल! त्यांच्या टीमचं नाव ‘सँड कॅट्स’. म्हणजे वाळूतली मांजरं.

बेसबॉल ठाऊक नसेल तर लाजू नका. चेंडू मारायचा, बॅट टाकायची आणि पळायचं. पहिला बेस, दुसरा, तिसरा आणि परत घरी. घरी पोचलं की एक रन. तुमच्या मागचा पळत आला की तुम्ही पुढं सरकायचं. मैदानात एका वेळी नऊ जण. झालं! एवढं कळलं की तुम्हाला नंदूइतकं कळलं.

नंदू म्हणजे नंदू क्षीरसागर, मूळचा नाशिकचा. रास लफानच्या गॅस प्लांटमध्ये कामाला. आणि सँड कॅट्सचा सर्वांत मोठा, खरं तर एकुलता एक, चाहता! प्रत्येक मॅचला घडीची खुर्ची आणि चहाचा थर्मास घेऊन हजर. प्रत्येक खेळाडूबद्दल त्याचं मत तयार असायचं, आणि ते सांगायला तो कुणी विचारायची वाट बघायचा नाही.

“मिहीरचा हात झकास, पण लक्ष समोशात! ग्लेन हरणासारखा पळतो, पण कुठल्या दिशेला ते हरणालाच ठाऊक! जैतून एक कॅच सोडत नाही, पण पकडला की समोरच्याला सॉरी म्हणते! नऊ जण ठीक आहेत हो. पण नवाच्या मागं कोण? टीमला खोलीच नाही! ताटात वाढलंय, पातेलं रिकामं!”

“आणि मी?” त्याची मुलगी गार्गी विचारायची. ती टीममधली दहावी.

“तू राखीव. घरची आहेस म्हणून मी काही पार्शालिटी करणार नाही.”

गार्गी दहा वर्षांची. अख्ख्या सीझनमध्ये तिच्या हातात एकदाही बॅट आली नव्हती. कोच लॉरेन्स अंकल दर वेळी म्हणायचे, “नेक्स्ट मॅच, इन्शाल्ला!” आणि आता नेक्स्ट मॅच एकच उरली होती. कारण शनिवारपासून ते मैदान वर्ल्ड कपच्या बस उभ्या करायला जाणार होतं. शुक्रवारी वक्रा गावच्या डॉल्फिन्स टीमबरोबर शेवटची मॅच, आणि मग खलास!

गुरुवारी सकाळी लॉरेन्सचा फोन आला. लॉरेन्स वसईचा, हॉस्पिटलात एक्स-रे काढतो. ग्लेन त्याचाच मुलगा.

“नंदू, वांदा झालाय रे. उद्या हॉस्पिटलात वर्ल्ड कपची इमर्जन्सी रिहर्सल. मला सुट्टी नाय. टीम तू सांभाळ. फक्त नऊ पोरं उभी कर. बाकी ती खेळतील.”

“फक्त नऊ?” नंदूची छाती अशी फुगली की शर्टाचं बटण कुरकुरलं. “लॉरेन्स, चौदा वर्षं प्लांटचं ड्युटी रोस्टर मी करतोय. चौदा वर्षांत एक खुर्ची रिकामी राहिलेली नाही! प्रत्येक माणसाला बदली रिलीव्हर, आणि त्या रिलीव्हरला रिलीव्हर! उद्या बघच तू. टीमची खोली काय असते ते दाखवतो!”

“अरे, खोलीबिली नको, नऊ पोरं...”

पण फोन बंद झाला होता. नंदूनं कागद घेतला होता.

नवाची तिप्पट सत्तावीस. जवळ होती दहा. म्हणून त्यानं बिल्डिंगच्या ग्रुपवर लिहिलं, ‘वर्ल्ड कपच्या आधी शेवटची संधी! शुक्रवारी दुपारी तीन, अझीझियाच्या मागचं मैदान. सहा ते बारा वर्षांची मुलं-मुली राखीव म्हणून हवीत. समोसे मिळतील.’

यात चुकीचं काही नव्हतं. पण तो निरोप एका ग्रुपवरून दुसऱ्यावर गेला. तिथं कुणीतरी ‘राखीव’ गाळलं. तिसऱ्यावर कुणीतरी ‘निवड’ घातलं. चौथ्यावर समोसे गेले आणि खेळाडू आले! संध्याकाळी नंदूची बायको नीता मोबाईल नाचवत स्वयंपाकघरातून आली.

“अहो, हे बघा! वक्र्याच्या वहिनींनी पाठवलंय. वर्ल्ड कपला खेळाडूंचा हात धरून मैदानात जायला मुलं निवडताहेत! उद्या तीन वाजता. आपल्या गार्गीला घेऊन जा ना!”

नंदूनं वाचलं आणि चष्मा कपाळावर सरकवला. “उद्या तीनला? अगं, त्या वेळी माझी मॅच आहे!”

स्वतःचाच निरोप त्याला ओळखू आला नाही!

शुक्रवारी दुपारी मिहीर, ग्लेन, जैतून आणि गार्गी यांना गाडीत घालून नंदू मैदानावर पोचला. बाकीचे सहा आधीच आले होते. त्यानं दहाही जणांना ओळीत उभं केलं आणि प्लांटमध्ये नव्या माणसांना देतो तसं भाषण दिलं.

“नीट ऐका! एक, आपला रिलीव्हर आल्याशिवाय जागा सोडायची नाही. दोन, तो आला की ताबा द्यायचा आणि सही घ्यायची. तीन, ताबा दिला की सरळ घरी. साइटवर रेंगाळायचं नाही. आणि चार, दुसऱ्याच्या जागेत लुडबूड करायची नाही!”

मुलांनी माना डोलावल्या. निम्म्यांचे बाबा रास लफानलाच होते. रिलीव्हर आला नाही म्हणून बाबांचं जेवण गार होतं, हे त्यांनी जन्मापासून पाहिलं होतं. त्यांना हे नियम पाढ्यांसारखे पाठ होते!

“बाबा, ॲम आय प्लेइंग टुडे?” गार्गीनं विचारलं.

“अर्थात! दहावं नाव तुझं. पहिली राखीव! तोवर हा कागद धर. सह्या तू घ्यायच्या.”

तेवढ्यात गेटपाशी धूळ उडाली. एक गाडी, चार गाड्या, मग बसच! आतून मुलं उतरू लागली. कुणी शेरवानीत, कुणी नऊवारीत, कुणी फुटबॉलचे बूट घालून. लेझीमचं एक अख्खं पथक ढोलासकट आलं! मोजली तर चौऱ्याऐंशी मुलं, आणि प्रत्येकामागं आई, बाबा आणि मोबाईल.

“लॉरेन्स, हे बघायला तू हवा होतास!” नंदू स्वतःशीच म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी तरळलं. एवढी खोली तर प्रशांत महासागरालाही नसेल!

“साहेब, आमच्या ईश्वरीचं नाव लिहा ना!” एक बाई म्हणाल्या. “आमचा कैवल्य आधी!” दुसरे ओरडले. नंदू प्रत्येकाला नंबर देत गेला. आता घरी पाहुणे आले की आपण काय करतो? आधी त्यांची पंगत, मग घरचे. नंदूनंही तेच केलं. दहावर गार्गी होती, ती खोडून ईश्वरी. गार्गी अकरा. मग कैवल्य, गार्गी बारा. मग लेझीमचं पथक, गार्गी चाळीस!

“बाबा!”

“बाळा, पाहुणे आहेत. तू घरचीच ना?”

शेवटी टीमच्या नऊ आणि पाहुण्यांच्या चौऱ्याऐंशी नावांखाली, कागदाच्या पार कडेला, मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलं गेलं, ‘९४. गार्गी’. पेनाचं टोपण तिनं असं दाबलं की ते फुटलं.

अंपायर होत्या पुष्पावती मॅडम. शाळेत पीटी शिकवतात, काळा गॉगल घालतात. त्यांना वाटलं, वा, बेसबॉलला केवढे प्रेक्षक! आणि प्रेक्षकांना वाटलं, गॉगलवाल्या म्हणजे निवड करणाऱ्या बाई! एका बाबांनी त्यांच्या हातात मुलीच्या भरतनाट्यमचं सर्टिफिकेटच दिलं.

“हे काय?”

“तीन वर्षं शिकतेय, मॅडम. हात अजिबात सोडणार नाही.”

“बॅटचा?” मॅडमनी विचारलं.

मॅच सुरू झाली. डॉल्फिन्सच्या पहिल्याच मुलानं चेंडू मारला. चेंडू घरंगळत मिहीर आणि जैतून यांच्या बरोबर मधून निघाला. मिहीरनं त्याच्याकडे पाहिलं. जैतूननं पाहिलं. चेंडू निवांत पुढं गेला.

“अरे उचला!” नंदू किंचाळला.

“अंकल, माझी पोस्ट इथपर्यंतच आहे!” मिहीर म्हणाला.

“सॉरी, माझी तिथपासून आहे!” जैतून म्हणाली.

डॉल्फिन्सचे अकरा रन झाले!

सँड कॅट्स मारायला आले तेव्हा तर कहर. ग्लेन पहिल्या बेसवर पोचला. मग शेरवानीतल्या कैवल्यनं असा टोला हाणला की ढोल आपोआप वाजू लागला! कैवल्य धापा टाकत पहिल्या बेसवर आला. ग्लेन जागचा हलेना.

“पळ ना!”

“आधी सही!”

गार्गी कागद घेऊन धावली. टोपण फुटलेलं पेन चालेना. ते झटकेपर्यंत डॉल्फिन्सची दोन मुलं चेंडू घेऊन निवांत येऊन उभी राहिली आणि सही कशी करतात ते बघू लागली.

“हा बेस आहे की बसस्टॉप?” पुष्पावती मॅडम ओरडल्या. “आउट!”

तिकडे तिसरा नियम मुकाट्यानं आपलं काम करत होता. बदली खेळाडू आला की जुन्यानं ताबा द्यायचा आणि सरळ घरी जायचं! तिसऱ्या डावापर्यंत टीमची सहा पक्की मुलं सही करून, हात हलवून घरी गेली. उरली फक्त मिहीर, ग्लेन आणि जैतून. ती तिघं नंदूच्याच गाडीतून आली होती. जाणार कशी? बाकी मैदानात सगळे पाहुणे. नऊवारीतली ईश्वरी चेंडू अडवण्याऐवजी चेंडूला नमस्कार करत होती, आणि तिची आई फोटो काढत होती.

पाचवा डाव, म्हणजे शेवटचा. स्कोअर डॉल्फिन्स सव्वीस, सँड कॅट्स शून्य. सूर्य खाली झुकलेला. सँड कॅट्सनी मारायला उतरायचं, एवढ्यात मैदानाचे रखवालदार इब्राहीमचाचा पांढऱ्या रेघा मारायची गाडी ढकलत आत आले.

“चाचा, वर्ल्ड कपवाले साहब कब आयेंगे?” एका बाबांनी विचारलं.

“कौन साहब? इधर बस पार्किंग बनेगा. हम लाइन मारने आया.”

“और सिलेक्शन?”

“काहे का सिलेक्शन? ये तो क्षीरसागर साब का बेसबॉल है!”

मोबाईल खाली आले. ढोलसुद्धा थांबला. मग चौऱ्याऐंशी कुटुंबांनी एकदम नंदूकडे पाहिलं. नंदूनं थर्मासच्या आड तोंड लपवलं.

“यल्ला, चला घरी!” कुणीतरी म्हणालं. आणि पाच मिनिटांत, मुलांनो, जशी धूळ आली तशी धूळ गेली! भरतनाट्यमचे बाबा तर अर्ध्या वाटेतून परत आले, सर्टिफिकेट घेऊन गेले.



तरी मिहीर गेला बॅट घेऊन. डॉल्फिन्सच्या चेंडू टाकणाऱ्या मुलाला हसू आवरेना, त्यामुळे त्यानं चारही चेंडू वाकडे टाकले. असे चार वाकडे पडले की मारणाऱ्याला पहिला बेस फुकट. मग ग्लेनला चार वाकडे. गार्गी धावली, सह्या झाल्या, मिहीर दुसऱ्यावर सरकला. मग जैतूनलाही चार. पुन्हा सह्या. आता तिन्ही बेस भरलेले!

“नेक्स्ट!” पुष्पावती मॅडम म्हणाल्या. “लवकर. सूर्य जातोय.”

नंदूनं गार्गीच्या हातातला कागद ओढला. बोट फिरवू लागला. चौथा, घरी. पाचवा, घरी. दहा, घरी. तीस, ढोलासकट घरी! साठ, घरी. चौदा वर्षांत एक खुर्ची रिकामी न ठेवणाऱ्या माणसाचं बोट नव्वद रिकाम्या नावांवरून घसरत पार तळाला आलं, आणि मुंगीएवढ्या अक्षरापाशी थांबलं.

त्यानं मान वर केली. गार्गी समोरच उभी होती. मघापासून समोरच उभी होती.

“गार्गी...” त्यानं कागदाची घडी घातली. “बाळा, बॅट...”

बॅट तिनं केव्हाच उचलली होती!

पहिला चेंडू. हुकला. दुसरा. हुकला! तिसरा हुकला की आउट. नंदूनं डोळे मिटले. टक्! आवाज आला, फार मोठा नाही, डबीचं झाकण लागल्याएवढा. चेंडू वाळूत लुटुलुटु निघाला. गार्गी पहिल्या बेसकडे सुटली.

तिथं जैतून घट्ट उभी. “सॉरी, सही?”

आता सही कोण घेणार? सह्या घेणारीच तर मारायला आली होती!

“नो सही! खलास! पळ!” गार्गीनं तिला असा धक्का दिला की जैतून थेट ग्लेनवर, आणि ग्लेन थेट मिहीरवर! आणि मग, चौघंही पळत सुटली. पुढं मिहीर, मागं ग्लेन, मग जैतून, आणि सर्वांमागं शेळ्या हाकाव्या तशी गार्गी. “पळा! पळा!”

डॉल्फिन्सची मुलं? ही मंडळी कधी पळतच नाहीत म्हणून त्यांतली निम्मी केव्हाच समोशांच्या टेबलाशी गेली होती! चेंडू हातात आला तेव्हा तो चटणीनं इतका माखला होता की तीनदा निसटला.

मिहीर घरी. ग्लेन घरी, योग्य दिशेनं! जैतून घरी. आणि गार्गीही घरी!

“चार रन!” पुष्पावती मॅडमनी हात वर केला. “सव्वीस-चार. सूर्य मावळला. मॅच संपली!”

नंदू दोन्ही हात पसरून उभा राहिला. पण गार्गी त्याच्या हाताखालून सूं करून निघून गेली! थांबायचं कुठं, हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं. ती कधी पळेल, असं कुणाला वाटलंच नव्हतं ना!

“गार्गी, बास! मॅच संपली!”

“आय नो, बाबा!” ती पहिल्या बेसवरून ओरडली, आणि इब्राहीमचाचांच्या ताज्या पांढऱ्या रेघेवर पावलं उमटवत दुसऱ्याकडे पळाली.