पित्त म्हणायचं नाही

आमच्या शेजारच्या गोरे सरांसमोर काहीही बोला, फक्त ‘मला पित्त झालंय’ असं म्हणू नका. म्हणालात की मेलात. सर गावाला निघालेले असले तरी चपला काढतात, ओट्यावर बसतात आणि तुम्हालाही बसवतात.

“पित्त यकृतात तयार होतं. त्याचा गुण आम्लारीचा. जठरात असतं ते आम्ल, छातीत जळतं ते आम्ल. मग तुला झालं काय?”

“आम्ल, सर.”

“मग त्या पित्ताला कशाला बदनाम करतोस?”

सरांचं स्वतःचं पित्त मात्र दिवसभर खवळलेलं. आमच्या श्रीरामपूरजवळच्या बेलापुरातलं अर्धं गाव त्यांच्या हाताखालून विज्ञान शिकून गेलंय, माझा नवरासुद्धा. त्यामुळे त्यांना उलटून कुणी बोलत नाही. मी बोलते. माझं माहेर कर्जतचं, मी त्यांचं काही देणं लागत नाही.

त्यांच्या खिशात पेनाऐवजी हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेल्या कागदाच्या पट्ट्या असतात. साबण, सोडा, चुना असलं काही, म्हणजे आम्लारी, लागलं की पट्टी लाल होते. ताक, चिंच, लिंबू लागलं तर पिवळीच राहते. माझ्या मुलीच्या बारशाला भर पंगतीत त्यांनी मठ्ठ्यात पट्टी बुडवली आणि जाहीर केलं, “आम्ल आहे. प्या.” लोक केव्हाच प्यायला लागले होते. मग त्यांनी तीच तपासणी माझ्या ओल्या ताटाची केली. ताटाला पट्टी लावली, ती झाली लालभडक. “सूनबाई, साबण राहिलाय. नीट विसळत जा.” माझ्या माहेरच्या बायका समोर बसलेल्या. त्या दिवसापासून आमचं जे वाकडं आहे ते आहे.

चौकातल्या टपरीवरची रिकामटेकडी मंडळी तर सर दिसले की मुद्दाम छाती धरतात. “लई पित्त झालंय बुवा.” की झाले सर सुरू. ते तावातावानं यकृत समजावतात आणि मागं सगळे फिदीफिदी हसतात. मला दोघांचाही संताप यायचा. त्या टवाळांचा यायचाच, पण सरांचा जास्त. एवढा शिकलेला माणूस, आपली थट्टा चाललीय हे कळू नये?

घरात ते एकटेच. काकू माझ्या लग्नाआधीच वारल्या, मूलबाळ नाही. मला वाटायचं, भांडायला घरात कुणी उरलं नाही म्हणून गावाशी भांडतात.

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. दुपारी सासूबाई उंबऱ्यात येऊन टेकल्या. चेहरा घामानं डबडबलेला.

“संगे, पित्त झालंय गं. छातीत लई जळतंय. पान्यात सोडा कालवून दे.”

मी ग्लासात खायचा सोडा ढवळत होते, तोच कुंपणापलीकडून सर आत आले. शब्द ऐकला असणार. माझं डोकंच फिरलं.

“सर, आज तुमचं आम्लबिम्ल नको. म्हातारीला पित्त म्हणायचंय तर म्हणू द्या.”

सरांनी माझ्या हातातला ग्लास हिसकावला आणि मोरीत ओतला. पित्ताबद्दल चकार शब्द काढला नाही. सासूबाईंजवळ उकिडवे बसले.

“आक्का, घाम कधीपास्नं सुटलाय? डावा हात दुखतो का?”

“दुखतोय जरा. पर काल गोधड्या धुतल्या हुत्या.”

सर तसेच अनवाणी रस्त्यावर पळाले आणि दुधाच्या टेम्पोपुढे हात पसरून उभे राहिले. ड्रायव्हरनं शिव्या घातल्या. सरांनी त्या ऐकून घेतल्या आणि त्याला श्रीरामपूरच्या दवाखान्यात न्यायला लावलं. सासूबाई पुढे ड्रायव्हरशेजारी, मागे कॅनांमध्ये मी आणि सर.

माझं तोंड सुटलं होतं. साध्या पित्तासाठी ही वरात कशाला, गाव काय म्हणेल, माझ्या घरात तुम्ही नाक खुपसायचं काय कारण. सगळं बोलून घेतलं. ताटाचंसुद्धा काढलं.

सर कॅनची कडी धरून बसले होते.

“आमच्या हिनंही सोडाच मागितला होता,” ते म्हणाले. “पित्त झालंय म्हणाली. मी आधी तिचा शब्द सुधारला. ‘आम्ल’ म्हण, मगच सोडा देतो म्हटलं. ती बिचारी म्हणाली. मग दिला. तिला ढेकर आली. मी म्हटलं, बघ, आम्ल अधिक आम्लारी, क्षार आणि पाणी, वर थोडा वायू. खूश होतो मी.” मग म्हणाले, “हृदयाचं दुखणं होतं ते, सूनबाई. मी शब्द दुरुस्त करत बसलो.”

मला राग तर होता, पण आता कुणावर काढायचा ते समजेना. टपरीवरची ती छाती धरणारी माणसं आठवली आणि अंगाचा तिळपापड झाला.

दवाखान्यात सासूबाईंना आत नेलं, पट्ट्या लावून हृदयाचा आलेख काढला, रक्त घेतलं. सर दाराशी उभे. बसा म्हटलं तरी बसेनात. हातातली हळदीची पट्टी चोळून चोळून तिचा चुरा झाला होता.

शेवटी डॉक्टर बाहेर आले. कालचं पोरगं म्हणावं इतके तरुण.

“घाबरू नका. हार्ट चांगलं आहे. रात्री आजींनी ठेचा जास्त खाल्लाय. पित्त झालंय त्यांना.”

मी मनात म्हटलं, आता या पोराची धडगत नाही. सर पुढे सरकले, त्याच्या अगदी समोर जाऊन उभे राहिले.

“काय झालंय म्हणालात?”

“पित्त.”

“नक्की पित्तच ना?”

“पित्तच आहे, काका.”

सर बाकावर बसले. बाहीनं डोळे पुसले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, “पित्तच आहे, सूनबाई. पित्तच.”